संघच टिकत नाही, तर हंगामाचा अंदाज कसा लिहू?

प्रिय ताई,
मी मिरजेचा. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आमच्या क्लबच्या क्रिकेट सामन्यांचं स्कोअरिंग तीस वर्षं केलं. गेली दोन वर्षं मुलीकडे नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला असतो. नातू बारा वर्षांचा आहे. त्याला डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाचं वेड आहे आणि त्याच्यापायी ते मलाही लागलं. गेल्या मार्चमध्ये त्याने वहीत हंगामाचा अंदाज लिहिला होता: चँडलर सिम्पसन सलामीला येईल आणि 40 च्या वर बेस चोरेल, म्हणजे कुणी चेंडू मारायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठेल. तीन आठवड्यांत सिम्पसनला वरच्या संघाने बोलावून घेतलं. पोराने ते पान फाडलं. यंदा मंडळाच्या गुढीपाडव्याच्या अंकात आम्हा दोघांना बुल्सच्या येत्या हंगामावर लेख मागितलाय. नातू म्हणतो, "आबा, लिहून काय उपयोग, सगळे जातातच." जावई म्हणतात, दुय्यम लीगवर कोण वाचणार? ताई, तीन आठवड्यांत शिळा होणार नाही असा लेख कसा लिहावा? आणि ज्या संघात कुणीच राहत नाही, त्याच्यावर पोराने जीव लावावा का?
– एक आबा, मॉरिसव्हिल

आबा, नमस्कार.

आधी ते फाडलेलं पान शोधा. पोरं असली पानं सहसा टाकून देत नाहीत. कुठल्या तरी पुस्तकात नाहीतर ड्रॉवरच्या तळाशी चुरगळलेलं सापडेल. ते शोधायचं कारण असं की नातवाचा अंदाज चुकलेलाच नव्हता. सिम्पसन 2025 च्या एप्रिलमध्ये टॅम्पा बे रेजकडे, म्हणजे बुल्सच्या वरच्या संघाकडे, गेला, मेच्या अखेरीस त्यांनी त्याला परत डरहॅमला पाठवलं, जूनमध्ये पुन्हा वर बोलावलं. एवढी ये-जा होऊनही मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, पहिल्याच वर्षात त्याने 44 बेस चोरले. तुमच्या नातवाने 40 च्या वर म्हटलं होतं. पोराची नजर बरोबर होती. ते बेस कुठल्या शर्टात चोरले जाणार एवढंच त्याला माहीत नव्हतं, आणि मार्च महिन्यात ते कुणालाच माहीत नव्हतं. हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या, मग लेखाला बसा.

आता लेख शिळा का होतो ते बघू.

मिरजेच्या माणसाला तालीम सांगायला नको. पोरगा गावातून येतो, वस्ताद त्याच्याकडून जोर-बैठका काढून घेतो, खुराकावर लक्ष ठेवतो, आणि पोरगा तयार झाला की मोठ्या मैदानात उतरवतो. तो आपल्याच तालमीत अडकून पडला तर वस्तादाचं काहीतरी चुकलं, असं लोक म्हणतात. डरहॅम बुल्स ही रेजची शेवटची तालीम. पहिली चार्ल्सटनला, मग बोलिंग ग्रीन, मग माँटगोमेरी, आणि त्याच्यावर डरहॅम. डरहॅमच्या वर थेट मेजर लीग. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या 30 संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली अशा चार पायऱ्या आहेत, म्हणजे एकूण 120 संघ, आणि त्यांतली सगळ्यात वरची पायरी म्हणजे बुल्स खेळतात ती ट्रिपल-ए.

तुम्ही मनातल्या मनात याची रणजीशी तुलना करत असणार, आणि घोटाळा तिथेच होतो. ऋतुराज गायकवाड भारताकडून खेळायला गेला तरी महाराष्ट्राचा रणजी संघ महाराष्ट्राचाच राहतो. निवड समिती इथली, कर्णधार इथला, जिंकायचं आहे तेही आपल्यालाच. बुल्सचं तसं नाही. मैदान राखणं, तिकिटं विकणं, शेंगदाणे आणि हॉट डॉग विकणं, दोन इनिंगच्या मध्ये पोरांचे खेळ घेणं, हे बुल्सच्या कंपनीचं काम. पण खेळाडूंचा पगार रेज देतात. मॅनेजर आणि कोच रेजचे. आज शॉर्टस्टॉपला कोण उभा राहणार आणि पिचर किती चेंडू टाकणार हेसुद्धा वरूनच ठरतं. पाच इनिंग एकही हिट न देणाऱ्या पिचरला चेंडूंचा कोटा संपला म्हणून काढून घेतलेलं तुम्ही कधीतरी पाहिलं असेल आणि चरफडला असाल. मीही सुरुवातीची दोन वर्षं चरफडत असे. त्या संध्याकाळी सामना जिंकण्यापेक्षा त्या पोराचा खांदा शाबूत राहणं महत्त्वाचं होतं, हे कळायला मला वेळ लागला.

तेव्हा "बुल्स यंदा कितवे येतील" हा प्रश्न लेखातून काढूनच टाका. वर्तमानपत्री अंदाजाची पहिली ओळ तीच असते आणि सगळ्यात आधी तीच शिळी होते. ज्या संघाची माणसं रोज बदलू शकतात त्याचा क्रमांक मार्चमध्ये सांगणं म्हणजे एसटी स्टँडवर सकाळी आठला बसलेल्या माणसांवरून दुपारी चारला तिथे कोण असेल ते सांगणं.

मग लिहायचं काय? ये-जाच लिहायची. कोण येणार, कशासाठी थांबणार, कोण कधी निघणार. बुल्सचा हंगाम तोच असतो, आणि तो शिळा होत नाही. उलट प्रत्येक आठवड्याला लोक अंक काढून बघतील, काय लिहिलं होतं म्हणून.

यासाठी एक यंत्रणा वाचकांना समजावून द्यावी लागेल, आणि हे काम तुम्ही करा, नातवाला देऊ नका. बँकेत काढलेलं आयुष्य इथे उपयोगी पडेल. रेजकडे 40 जणांची एक यादी असते. त्यातले 26 जण प्रत्यक्ष मेजर लीगच्या संघात. उरलेल्यांपैकी बरेच जण डरहॅमला, बॅग भरून. यादीतल्या खेळाडूला खाली पाठवण्याला 'ऑप्शन' म्हणतात. एका खेळाडूच्या वाट्याला साधारण तीन हंगाम असे येतात की ज्यांत संघ त्याला हवं तेव्हा वर-खाली करू शकतो. बॅटरला खाली पाठवलं तर त्याने एरवी 10 दिवस खाली राहायचं, पिचर असेल तर 15. वर कुणाला दुखापत झाली तर आधीही बोलावतात. 2022 पासून एकाच हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येत नाही.

ही पाचची मर्यादा आली तिच्यामागे डरहॅमचाच एक माणूस आहे. लुइस हेड नावाचा पिचर. 2021 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याला मेजर लीगमध्ये पहिल्यांदा संधी मिळाली. त्या एका हंगामात रेजनी त्याला डझनभर वेळा खाली पाठवलं. त्याने वाईट टाकलं म्हणून नव्हे. वर दोन दिवस टाकून त्याचा हात थकला की ताज्या हाताचा दुसरा कुणीतरी हवा असे, आणि हेडला खाली पाठवण्यात काही अडचण नव्हती, म्हणून. विमान, हॉटेल, परत विमान. हा नियम समजावताना त्याचं नाव जरूर लिहा. नियमाची कलमं लोक विसरतात, बारा वेळा बॅग भरणारा माणूस त्यांच्या लक्षात राहतो.

आणि पैसेही लिहा. जावयांसारखे वाचक त्यावर थबकतील. 40 च्या यादीत नसलेल्या खेळाडूचा ट्रिपल-एमधला किमान पगार 2023 च्या करारात वर्षाला 35,800 डॉलर ठरला. त्याआधी तो 17,500 होता. मेजर लीगमधला किमान पगार 2026 साठी 7,80,000 डॉलर. तो हंगामाच्या दिवसांवर वाटला जातो, म्हणजे दिवसाला चार हजार डॉलरच्या वर. डरहॅमचं वर्षभराचं वेतन वर नऊ दिवसांत मिळतं. मंगळवारच्या संध्याकाळी अर्ध्या रिकाम्या स्टँडसमोर एखादा बॅटर जमिनीलगत गेलेल्या साध्या फटक्यावर जिवाच्या आकांताने पहिल्या बेसकडे का धावतो, ते या दोन आकड्यांत आहे.

यंत्रणा झाली की माणसं. इथे नातवाला पुढे करा. डरहॅमला मला दरवर्षी तीन तऱ्हेचे खेळाडू दिसतात, आणि त्याने प्रत्येक तऱ्हेतला एकेक निवडावा.

एक, यादीतला, वाट बघणारा. मेजर लीग चाखून आलेला. सिम्पसन मेमध्ये परत आला तेव्हा असाच होता. याच्याकडे बघायचं ते त्याला नेमकं कशासाठी खाली पाठवलंय ते हेरायला. एखाद्याला नव्या जागेवर झेल घ्यायला शिकायचं असतं, एखाद्या पिचरला नवा चेंडू बसवायचा असतो. तो रोज मार खात असेल आणि तरी तोच चेंडू टाकत असेल, तर तो अपयशी नाही, अभ्यास करतोय.

दुसरा, माँटगोमेरीहून चढणारा. याच्याबद्दल लिहिताना नातू फार उत्साहात येईल, येऊ द्या. पण चढण सरळ नसते हे त्याला हुनिओर कामिनेरोच्या गोष्टीवरून सांगा. डॉमिनिकन रिपब्लिकचा हा पोरगा 2023 च्या सप्टेंबरमध्ये डरहॅमला न थांबता माँटगोमेरीहून थेट मेजर लीगमध्ये गेला. सगळ्यांना वाटलं, आता हा खाली कशाला येतोय. 2024 चा हंगाम सुरू झाला तेव्हा तो डरहॅमला होता. मध्ये दुखापतही झाली, आणि वर जायला ऑगस्ट उजाडला. 2025 मध्ये त्याने रेजसाठी 45 होम रन मारले. डरहॅमचे ते महिने त्याच्या नावापुढे कुणी लिहीत नाही. तुमच्या लेखात लिहा.

तिसरा, तिशी ओलांडलेला. यादीत नाव नाही, साधा करार, कुठल्या तरी दुखापतीने वर जागा झाली तर शेवटची एक संधी. पोरांना हा माणूस दिसत नाही, म्हाताऱ्यांना तो पहिला दिसतो. म्हणून या तिसऱ्यावर तुम्ही लिहा, आबा. 2012 मध्ये हिदेकी मात्सुई डरहॅमच्या शर्टात खेळला. जपानमधलं एवढं मोठं नाव, 2009 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू, वय 37. मेच्या अखेरीस रेजनी त्याला वर नेलं. पण त्याआधीचे काही आठवडे तो इथे, विशीतल्या पोरांच्या शेजारी उभा राहून, रांगेत आपल्या पाळीचा बॅटिंगचा सराव करत होता.

याशिवाय मेजर लीगचे दुखापतीतून उठलेले खेळाडू अधूनमधून चार दिवस येऊन जातात. बॅटरला त्यासाठी 20 दिवसांपर्यंत मुभा असते, पिचरला 30. त्यांच्यावर एक ओळ पुरे.

आता खरी अडचण, म्हणजे नावं. पाडवा यंदा 19 मार्चला आहे. त्या वेळी रेजचा सराव फ्लोरिडात पोर्ट शार्लटला चालू असतो आणि 26 जणांची निवड मार्चच्या अगदी शेवटी होते. ज्यांची निवड होत नाही ते डरहॅमला येतात, त्यामुळे बुल्सची यादी पहिल्या सामन्याच्या जेमतेम काही दिवस आधी बाहेर पडते. तुमचा अंक तोवर छापून झालेला असेल. तेव्हा नावं ओढूनताणून घालू नका. संपादकांना सांगा, लेखाच्या खाली तीन ओळी कोऱ्या सोडा: वाट बघणारा, चढणारा, तिशीतला. वाचक यादी बघून स्वतः भरतील. नातवाला त्याच्या तीन ओळी अंक हातात पडल्यावर भरू द्या, तारीख घालून.

अंदाजाशिवाय लेख नको, हेही खरं. अंदाज नसेल तर बारा वर्षांच्या पोराला त्यात मजा काय? पण ये-जेचेच अंदाज बांधा. पहिल्या सामन्याला मैदानात उतरलेल्या नऊ जणांपैकी 4 जुलैला किती डरहॅममध्ये असतील? बुल्सचे किती जण यंदा आयुष्यातला पहिला मेजर लीग सामना खेळतील? गेलेल्यांपैकी किती परत येतील आणि परत जातील? 1 सप्टेंबरला मेजर लीगचे संघ 26 वरून 28 होतात, तेव्हा ते दोघे कोण? या चार प्रश्नांची उत्तरं तुम्ही दोघांनी वेगवेगळी लिहा आणि दोन्ही छापा. आजोबा-नातवाची पैज लोक शेवटपर्यंत धरून ठेवतात. आणि मुख्य म्हणजे, यात कुणी वर गेला तर पोराचा अंदाज मोडत नाही, पुढे सरकतो. एखाद्या सकाळी तो उड्या मारत खाली येईल, "आबा, चौथा गेला!" असं ओरडत.

वेळापत्रकाचं थोडक्यात. ट्रिपल-एचा हंगाम 150 सामन्यांचा, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर, मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण हंगामाचे दोन भाग धरतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते समजावून लिहा. बुल्स ज्या इंटरनॅशनल लीगमध्ये खेळतात तिच्यात 20 संघ आहेत. पहिल्या अर्ध्याचा विजेता आणि दुसऱ्या अर्ध्याचा विजेता सप्टेंबरमध्ये आपसात खेळतात, तीनपैकी दोन जिंकणारा पुढे. जूनमध्ये ज्या पोरांनी जागा मिळवून दिली त्यांतले निम्मे सप्टेंबरपर्यंत तिथे नसतात, आणि त्यांच्या कमाईवर दुसरेच अंतिम सामना खेळतात. मला यात अन्याय वाटत नाही. गेल्या बॅचने झाडं लावली आणि नव्या बॅचने आंबे खाल्ले, आपल्याकडे शाळांतून असंच चालतं.

मैदानावर मात्र मनसोक्त लिहा, कारण तेवढं एक जागच्या जागी राहणार आहे. डावीकडची ती निळी भिंत 32 फूट उंच आणि होम प्लेटपासून कोपऱ्यापर्यंत फक्त 305 फूट. दुसऱ्या मैदानात झेल होऊन जाईल असा उंच चेंडू इथे भिंतीपलीकडे पडतो, आणि दुसरीकडे सपाट जाऊन होम रन झाला असता तो इथे भिंतीवर आपटून परत येतो, बॅटर दुसऱ्या बेसवर अडकतो. स्कोअररला यापेक्षा जास्त काय हवं? त्याच भिंतीवर तो मोठा बैल उभा आहे. 1988 च्या एका चित्रपटासाठी जुन्या मैदानावर पहिल्यांदा लावला आणि लोकांनी त्याला जाऊच दिलं नाही. 1995 मध्ये नवं मैदान झालं, तिथेही बैल आला. बुल्सने होम रन मारला की त्याचे डोळे लाल होतात, शेपूट हलते, नाकातून धूर निघतो. बैलाला चेंडू लागला तर खेळाडूला स्टेक, खालच्या गवताला लागला तर सॅलड. बेंदराला बैल रंगवणाऱ्या मुलखातून तुम्ही आलात. त्या बैलाबद्दल तुमच्या हातून एक परिच्छेद आला तर मंडळातलं कुणीही तो मध्येच सोडणार नाही.

यंदाची एक खास गोष्ट आहे, ती सुटू देऊ नका. चेंडू स्ट्राइक होता की नव्हता, म्हणजे बॅटरच्या टप्प्यातून गेला की नाही, यावर अंपायरला आव्हान द्यायची सोय 2026 पासून मेजर लीगमध्ये येतेय. बॅटरने, पिचरने किंवा कॅचरने लगेच डोक्यावर थाप मारायची, आणि कॅमेरे काय सांगतात ते पडद्यावर दिसतं. आपल्या डीआरएससारखंच, फक्त कर्णधाराला विचारायचं नाही आणि विचार करायला वेळही नाही. ट्रिपल-एमध्ये या यंत्रांचा वापर 2023 पासून सगळ्या मैदानांवर चालू आहे. म्हणजे डरहॅमहून वर जाणाऱ्या पोराला ही थाप अंगवळणी पडलेली असेल, आणि दहा वर्षं मेजर लीगमध्ये काढलेला शेजारचा खेळाडू त्याला विचारेल, "तू कधी मारतोस, कधी नाही?" खालून जाणारा वरच्याला काहीतरी शिकवतोय असं फार क्वचित होतं. यंदा ते होणार.

जावयांच्या "दुय्यम"ला उत्तर द्यायचं असेल तर भांडू नका, इथे खेळून मोठ्या झालेल्यांची नावं सांगा. या संघाची सुरुवात 1902 ची, तंबाखूच्या कारखान्यांच्या गावातली. जो मॉर्गन 1963 मध्ये इथे खेळला. चिपर जोन्स 1992 मध्ये खेळला. तेव्हा बुल्स खूप खालच्या पायरीवर होते. 1998 मध्ये ते ट्रिपल-ए झाले आणि रेजशी जोडले गेले. त्यानंतर डेव्हिड प्राइस, ब्लेक स्नेल, बेन झोब्रिस्ट. आणि एव्हन लाँगोरिया, ज्याने 2008 चा हंगाम डरहॅममध्ये सुरू केला, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वर गेला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, रेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. त्या मार्चमध्येही डरहॅममध्ये कुणीतरी पोराने वहीत लाँगोरियाचं नाव लिहिलं असेल.

आणि हा संघ नुसता देतच नाही, जिंकतोही. ट्रिपल-ए झाल्यापासून 2002, 2003, 2009, 2013, 2017, 2018, 2021 आणि 2022 अशी आठ विजेतेपदं. याचं कारण माझ्या मते रेजच्या खिशात आहे. ते महागडे खेळाडू घेत नाहीत. त्याऐवजी तयार पोरांची लांब रांग ठेवतात, आणि ती रांग डरहॅमला उभी असते. दुसऱ्या संघांचे ट्रिपल-ए खेळाडू कुणाच्या तरी जागी बसवायला असतात. रेजचे मेजर लीगच्या दारात पाय अडकवून उभे असतात.

तुमच्या घराजवळ चर्च स्ट्रीट पार्कवर 2023 मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले तेव्हा कोण गर्दी लोटली होती, तुम्ही पाहिली असेल. ती सगळी मंडळी तुमचे वाचक आहेत. त्यांना खेळ कळतो, फक्त हा खेळ कुणी त्यांच्या भाषेत सांगितलेला नाही.

आता दुसरा प्रश्न. पोराने जीव लावावा का?

माझी लेक दहा वर्षांची असतानाची गोष्ट. जूनमधला गुरुवार होता, सहावी इनिंग. आम्ही बुल्सच्या डगआउटच्या जरा वर बसलो होतो, तिच्या मांडीवर शेंगदाण्याच्या टरफलांचा ढीग. बॅटिंगला ज्याची पाळी होती तो आलाच नाही, दुसराच आला. मी डगआउटकडे पाहिलं. तो पोरगा ग्लोव्ह छातीशी धरून उभा होता आणि एकेक जण येऊन त्याला मिठी मारत होता. कोच आला. मग संघातला वयस्कर कॅचर, गुडघ्यांची पॅडं अंगावर तशीच, त्याने पोराच्या मानेमागे हात घालून कपाळाला कपाळ टेकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मैदानात खेळ चालूच होता. लाउडस्पीकरवर अक्षरही नाही. लेक म्हणाली, "आई, त्याला लागलंय का?" मागच्या रांगेतले एक आजोबा वाकून म्हणाले, "नाही बेटा, तो वर चाललाय." आणि मग आमच्या भागातले लोक उठून उभे राहिले. मैदानात काहीही घडलेलं नसताना टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवता लेकीची टरफलं सगळीकडे सांडली.

त्या रात्री गाडीत ती रडली. मी तिला समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेजचा सामना लावला. तो पोरगा आठव्या इनिंगला आला, आउट झाला, आणि ती सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

त्यामुळे माझं उत्तर, आबा, सरळ आहे: लावू द्या जीव. त्याचा जीव टी-शर्टावरच्या नावात नाही, माणूस ओळखण्यात आहे. सिम्पसनला त्याने जगाच्या आधी ओळखलं होतं. त्याला "वाईट वाटून घेऊ नकोस" म्हणू नका, कारण वाईट वाटण्यासारखंच आहे. फक्त वहीत मागच्या बाजूला एक पान काढून द्या. जो वर गेला त्याचं नाव, तारीख, आणि तो गेला त्या दिवशी आपण दोघे कुठे होतो ते. दोन हंगामांत ते पान भरेल, आणि त्याला सगळ्यात प्रिय पान तेच असेल.

सिम्पसनचं फाडलेलं पान चिकटपट्टीने जोडून त्या यादीच्या डोक्यावर लावा. खाली नातवाच्याच हाताने लिहू द्या: 44.

घरच्या पहिल्या आठवड्यात मंगळवारी जा आणि रविवारी पुन्हा जा. तोच पाहुणा संघ असेल. मंगळवारी नऊ नावं लिहून घ्या आणि रविवारी ताडून बघा. स्कोअरकार्ड दोन घ्या, एक त्याला, एक तुम्हाला. मैदानातल्या नऊ जागांना स्कोअरकार्डवर दिलेले एक ते नऊ आकडे त्याला येत असतील, तुम्ही त्याच्याकडून शिका. आणि तीस वर्षं तुम्ही पेनाने स्कोअर लिहिला असेल, तरी इथे पेन्सिल न्या, खोडरबर असलेली. सहाव्या इनिंगला नाव बदलावं लागतं.

अंक निघाला की मला पाठवा. नातवाच्या तीन ओळी भरल्या की त्याही.